बेचाळीस घरं, एकोणतीस दुकानं

मंगळवारी सकाळी विश्वेश पुराणिकने आंघोळीआधी एकदा आणि आंघोळीनंतर दोनदा चहा मागितला, तेव्हाच अन्नपूर्णेने ओळखलं, पुण्याहून काहीतरी आलंय. चहा हातात घेऊनही तो बसला नाही. स्वयंपाकघर ते दरवाजा, दरवाजा ते स्वयंपाकघर अशा त्याच्या फेऱ्या सुरू होत्या.

"अहो, एका जागी उभं राहून सांगा. बघून बघून माझी मान दुखायला लागली," परातीतले मूग निवडत ती म्हणाली.

"सोमवारी येताहेत. डॉक्टर इंदू नेरूरकर. स्वतः! सकाळी दहा वाजता गल्ली बघायला येणार, आणि माझ्याकडे दाखवायला काहीही नाहीये."

विश्वेश नऊ वर्षं बनारसच्या एका डिग्री कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होता, पण कंत्राटावर. दर जुलैला नेमणुकीचं नवं पत्र यायचं. यंदा प्राचार्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "पुराणिकजी, इस बार पत्र पक्का मत मानिए." अन्नपूर्णेच्या भावाने नागपूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये जागा बघून ठेवली होती. पण अन्नपूर्णेचा जन्म रामघाटावरचा. पोहायला ती बालाजी घाटाच्या पायऱ्यांवरून उडी टाकून शिकली होती. नागपूरचं नाव निघालं की ती काही बोलायची नाही, फक्त भांडी जरा जोरात ठेवायची. आता आशा एकच होती, पुण्याच्या, डॉक्टर नेरूरकरांच्या संस्थेची दोन वर्षांची फेलोशिप. ती मिळाली तर घर बनारसातच राहणार होतं.

"पण त्यांना नक्की पाहिजे तरी काय?"

"अर्थव्यवस्था म्हणजे काय, ते एका छोट्या जागेवर दाखवायचं. म्हणजे बघ, एका ठिकाणची माणसं काय तयार करतात, ते कोणाकडे कसं पोचतं, शेवटी कोण वापरतं, हा सगळा पसारा. आणि तो एकाच नाही, दोन-तीन पद्धतींनी अभ्यासायचा. मी कळवून बसलोय, आमची गल्ली घेतो म्हणून."

"आपली गल्ली?" अन्नपूर्णेचा हात थांबला. "आपल्या गल्लीत काय तयार होतं?"

"तेच तर शोधायचंय."

"भांडणं तयार होतात. पोचतातही घरोघर."

विश्वेशला हसायला वेळ नव्हता. कोपऱ्यावरून त्याने प्रश्नावलीच्या बेचाळीस प्रती काढून आणल्या, कारण गल्लीत बेचाळीस घरं होती. 'घर में कमाने वाले कौन? क्या काम? महीने की कमाई कितनी?' असे एकूण सतरा प्रश्न. लोकांना विचारणं ही पहिली पद्धत.

पहिली प्रत समोरच्या प्रेमलाकाकूंना दिली. काकू मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. तासाभराने कागद परत आला, तो लाल शाईने भरलेला. "तीन ठिकाणी मात्रा चुकलीय. दुरुस्त करून आण, मग भरते." पलीकडे वेदपाठशाळा चालवणाऱ्या यज्ञेश्वर गुरुजींनी 'उत्पादन' या रकान्यात लिहिलं, 'शुद्ध उच्चार'. दहीवाल्या मोहनने कमाईपुढे लिहिलं, 'बाबा की कृपा'. त्याचं बघून पुढच्या अकरा घरांनी तेच लिहिलं. संध्याकाळी विश्वेश कागद चाळत म्हणाला, "बाराजणांवर विश्वनाथबाबांची कृपा आहे. ह्याची बेरीज कशी करू?"

बुधवारी त्याने दुसरी पद्धत धरली. विचारायचं नाही, नुसतं बघायचं. सकाळी सातलाच तो वही घेऊन स्वतःच्या दाराबाहेर चबुतऱ्यावर बसला आणि गल्लीत काय येतं, काय जातं ते टिपू लागला. दुधाच्या कॅन, फुलांच्या टोपल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुली, सगळं. बसला म्हणायचं, पण दर दहा मिनिटांनी उठून तो वाकून वाकून दोन्ही टोकांकडे बघत होता. नऊच्या सुमारास मोहनला राहवेना.

"का हो गुरु, का लिखत हउवा?"

मोजणी चुकेल म्हणून विश्वेशने मान वर न करताच उत्तर दिलं, "पूरी गल्ली नाप रहे हैं, मोहन भाई."

झालं. 'नापना' हा शब्द बनारसच्या गल्लीत सहज उच्चारायचा शब्द नव्हे. नापणं म्हणजे मोजमाप, मोजमाप म्हणजे रुंदीकरण आणि रुंदीकरण म्हणजे नुकसानभरपाई. मोहनच्या मेहुण्याच्या साडूने कुठेतरी ऐकलं होतं की नुसतं घर गेलं तर भरपाई कमी मिळते आणि दुकान गेलं तर दुप्पट. दुपारपर्यंत ही बातमी दोन्ही टोकांना पोचून परत आली, आणि येताना मोठी होऊन आली. पुराणिक सरांना लखनौहून गुप्त हुकूम आहे, कोणाचा धंदा किती ते लिहून पाठवायचंय, सोमवारी मोठ्या बाई तपासायला येताहेत.

गुरुवारी सकाळी विश्वेशने दार उघडलं तर गल्ली ओळखू येईना. प्रेमलाकाकूंच्या दारात शाळेतलं जुनं टेबल, त्यावर साबुदाण्याचे वडे आणि पाटीवर सुंदर अक्षरात भाव. त्यांच्या शेजारी गीतावहिनींची कचोरी. बँकेतून निवृत्त झालेले प्रसन्न देव 'देव ड्रायक्लीनर्स' असा पुठ्ठा टांगून इस्त्री करत होते. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून स्वतःचेच तीन शर्ट ते आळीपाळीने पुन्हा पुन्हा इस्त्री करत होते. आणि पाठशाळेच्या दारात यज्ञेश्वर गुरुजी ताकाची घागर घेऊन बसले होते.

"गुरुजी, तुम्हीसुद्धा?"

"विद्या विकणं पाप आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "ताकाबद्दल शास्त्राची तक्रार नाही."

विश्वेशने गल्लीच्या दोन फेऱ्या मारून मोजलं. एकोणतीस! बेचाळीस घरांत एकोणतीस धंदे! तो धावतच घरात आला.

"अन्नपूर्णा, गल्लीत व्यापार उगवलाय! काल मोहनचं सोडून एकही दुकान नव्हतं!"

"काल तुम्ही मोहनला सांगितलंत ना, गल्ली नापतोय म्हणून?" अन्नपूर्णेने पीठ चाळता चाळता सगळी बातमी त्याला ऐकवली. "लोकांना वाटतंय भरपाई मिळणार. जाऊन खरं सांगून या."

तो गेला. घरोघर जाऊन हात जोडून सांगितलं, "असं काही नाहीये हो, मी नुसता अभ्यास करतोय." लोकांनी डोळे मिचकावले. "समझ गए सर, गुप्त बात है." प्रसन्न देवांनी तर त्याच्या अंगातला शर्ट उतरवून फुकट इस्त्री करून दिला. चौथ्या घरापर्यंत विश्वेशचा आवाज खाली आला, आठव्या घरापाशी तो गप्प झाला. खरं सांगूनही कोणी ऐकत नाही, मग आपण काय करणार? आणि आकडा किती सुरेख होता. सोमवारपर्यंत राहू द्यावं, नंतर सांगू परत. असं मनाशी ठरवून तो घरी आला, आणि त्या क्षणापासून त्याला दोन घास सुखाने गेले नाहीत.

शुक्रवारी त्याला सुचलं की एकेक घर बघून झालं, आता सगळी गल्ली एकदम बघावी. मोठे अर्थशास्त्रज्ञ अख्खा देश असा वरून बघतात. तो गल्लीतल्या सगळ्यांत उंच, प्रेमलाकाकूंच्या गच्चीवर चढला. तिथून त्याला आठ चादरी, असंख्य परकर आणि त्याच्या वहीवर डोळा ठेवून बसलेली तीन माकडं दिसली. वरून अर्थव्यवस्था दिसत नाही, तिचं वाळत घातलेलं तेवढं दिसतं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि वही छातीशी धरून तो खाली उतरला.

खाली टेबलापाशी काकू वडे उलटत होत्या. विश्वेशने निव्वळ ज्ञानासाठी विचारलं, "काकू, समजा तुम्ही वडा दहाऐवजी आठ रुपयांना दिलात, तर किती जास्त खपतील?"

काकूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, पाटीवरचा दहा पुसला आणि आठ लिहिला. त्यांना वाटलं, सरकारी सूचना आहे. गीतावहिनींनी ते बघितलं आणि कचोरी सहाला केली. काकू पाचावर आल्या. वहिनींनी कचोरीबरोबर भाजी फुकट दिली. गुरुजींनी ताकात हिंग घातला आणि भाव तोच ठेवला. दुपारी दोनला पलीकडच्या मोहल्ल्यातली माणसं गर्दी करून खाऊ लागली आणि चार वाजता काकू आणि वहिनी, ज्या तीस वर्षं एका वाटीतलं विरजण वापरत आल्या होत्या, एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

"विश्वेश, हे थांबायला पाहिजे," गुरुजींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. "शेजाऱ्याने शेजाऱ्याचं गिऱ्हाईक ओढू नये."

"गुरुजी, काय असावं हा वेगळा प्रश्न झाला. मी फक्त काय आहे ते लिहितोय."

"तू लिहायला लागलास म्हणूनच ते आहे!"

विश्वेशने वही मिटली. तो नखं खात घरी आला.

दिवसभर तळण चालल्यामुळे शनिवारी सकाळी आठ-दहा घरांतले गॅस सिलिंडर एकदमच संपले. सिलिंडरचा ठेला ठरल्याप्रमाणे दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी आला. पण दोन्ही बाजूंच्या टेबलांमध्ये जेमतेम दीड हाताची वाट उरलेली. ठेलेवाल्याने एकदा गल्लीकडे बघितलं, एकदा ठेल्याकडे. मग पाच रुपयेवाले दोन वडे खाल्ले, वरती ताक प्यायला आणि ठेला घेऊन परत गेला. टेबल मागे घ्यायला कोणी तयार नव्हतं. आज मागे घेतलं आणि नेमकी आजच तपासणी झाली तर?

दुपारपर्यंत निम्म्या गल्लीची चूल थंड झाली. पाठशाळेत मात्र मुलांच्या स्वयंपाकासाठी चार सिलिंडर भरलेले होते. गुरुजींकडे रांग लागली. एक कुकर लावून न्यायचा तर दोन वाट्या तांदूळ पाठशाळेला द्यायचे, असा रिवाज पडला. प्रसन्न देवांकडे तांदूळही नव्हते. त्यांनी गुरुजींची सात उपरणी इस्त्री करून दिली आणि वरण शिजवून घेतलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना इस्त्रीचं काही मिळालं होतं. उपरण्यांच्या घड्या घालताना त्यांचे डोळे भरून आले.

"अन्नपूर्णा, पुस्तकात असतं तस्सं होतंय!" विश्वेश उभ्याउभ्याच दहीभात खात होता. "टंचाई, देवाणघेवाण, सगळं!"

"आपलाही सिलिंडर संपत आलाय. पुस्तकात मिळतो का बघा," अन्नपूर्णा म्हणाली. "आणि काकू आणि गीतावहिनींचं काय करणार आहात ते सांगा."

तो दहीभाताची वाटी घेऊन पुन्हा चबुतऱ्यावर गेला. उलट संध्याकाळी पुण्याला फोन लावला. बोलताना तो खोलीत गोल गोल फिरत होता. "मॅडम, बेचाळीस घरांत एकोणतीस व्यवसाय! हो, सगळे घरगुती. कॅमेरा? अवश्य आणा." फोन ठेवल्यावर त्याने लागोपाठ दोनदा चहा मागितला.

रविवारी दुपारी कागद जुळवताना त्याच्या लक्षात आलं की एक प्रश्न विचारायचा राहून गेलाय. धंदा किती वाढला हे विजेच्या वापरावरून कळतं. तो पुन्हा घरोघर गेला. "बस, एकच विचारायचंय. बिजलीचं बिल किती येतं?"

पहिल्या घरी त्याला उत्तर मिळालं. दुसऱ्या घरी लोक एकमेकांकडे बघू लागले. तिसऱ्या घरापर्यंत तो पोचण्याआधीच बातमी पोचली होती. भरपाई-बिरपाई काही नाही. घरगुती मीटरवर धंदा कोण करतो, त्याची यादी होतेय. आता दुकानाच्या दराने बिल येणार, तेही मागच्या तारखेपासून.

विश्वेशने गल्लीच्या टोकाला जाऊन वळून बघितलं. एखाद्या घाटावर पूर येताना नाववाले नावा वर ओढतात, तशी टेबलं आत जात होती. कढया गेल्या, पुठ्ठे गेले, घागर गेली. अर्ध्या तासात गल्ली झाडून लख्ख. मोहनच्या आजोबांपासून चालत आलेलं दह्याचं दुकान, त्याचंही शटर खाली आलं.

"मोहन भाई, तुम्हारी तो असली दुकान है!"

"दुकान?" मोहन शटरला पाठ लावून म्हणाला. "ई त हमार बैठका ह, गुरु."

सोमवारी दहाला पाच मिनिटं असताना डॉक्टर इंदू नेरूरकर आल्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, सुती साडी, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. त्यांनी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. एक कुत्रा झोपला होता. दुसरं काही नव्हतं.

"पुराणिक, ती एकोणतीस दुकानं कुठेयत?"

'आज सोमवारची सुट्टी असते' हे वाक्य विश्वेशच्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात प्रेमलाकाकूंनी दार उघडलं. "पुण्याहून आलात ना? या, आधी दोन वडे खा. आमच्याकडे काही विकत नाहीत हो, घरी असेच होतात आपले. दीडशे." मग गीतावहिनींनी हात धरून कचोरीला नेलं. गुरुजींनी ताक दिलं आणि आपणहून सांगितलं, "इथे केवळ अध्ययन चालतं." प्रसन्न देवांना बाईंनी व्यवसाय विचारला, तर ते दचकून म्हणाले, "माझा इस्त्रीशी काहीही संबंध नाही."

विश्वेशच्या घरात येऊन बसेपर्यंत इंदूबाईंचं पोट भरलं होतं आणि कपाळावर आठी होती. विश्वेश उभाच होता. त्याने अन्नपूर्णेकडे बघितलं. ती काही बोलली नाही, पण भांडंही जोरात ठेवलं नाही. नुसती वाट बघत राहिली. त्या बघण्यानेच त्याचा धीर सुटला, किंवा आला म्हणा.

"मॅडम, एक मोहनचं सोडलं तर दुकानं नव्हतीच," तो म्हणाला. "म्हणजे मंगळवारी नव्हती. मी मोजायला बसलो म्हणून लागली, आणि मी एक प्रश्न जास्त विचारला म्हणून उठली. गुरुवारीच मला कळलं होतं. तरी मी तुम्हाला फोन केला. आकडा चांगला होता, आणि माझी नोकरी जातेय." मग वड्याच्या आठ रुपयांपासून मोहनच्या शटरपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं. गच्चीवरची माकडंसुद्धा सोडली नाहीत.

इंदूबाई ऐकत होत्या. काही बोलणार, इतक्यात दारातून हाक आली. "भाभी! पार्सल तैयार है?"

खाकी पिशवी घेतलेला कुरियरवाला होता. अन्नपूर्णा उठली आणि जिन्याखालून पुठ्ठ्याची सात खोकी एकामागून एक बाहेर आणून ठेवली. कुरियरवाल्याने सवयीने पावत्या फाडल्या, सह्या घेतल्या आणि तो गेला.

"काय आहे हे?" इंदूबाईंनी विचारलं.

"भाजणी. थालीपिठाची चार खोकी, उपासाची दोन आणि एक मेतकूट," अन्नपूर्णा म्हणाली. "पुणे, इंदूर, बडोद्याला जातं. काशीची भाजणी म्हणून मागवतात लोक."

"केव्हापासून?"

"सहा वर्षं झाली."

विश्वेश मटकन खाली बसला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच धड बसला होता. "सहा वर्षं? मला वाटायचं तू नातेवाइकांना पाठवतेस!"

"मी तुम्हाला तीनदा सांगितलंय. तिन्ही वेळा तुम्ही 'हूं' म्हणालात. मे-जूनमध्ये तुमचा पगार नसतो, तेव्हा घर कसं चालतं असं तुम्हाला कधी वाटलं नाही?"

"मला वाटलं, आपण काटकसर करतो."

इंदूबाईंनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि पदर खोचून अन्नपूर्णेकडे वळल्या. धान्य कुठून येतं? विश्वेश्वरगंजातून. निवडतं कोण? प्रेमलाकाकू. दळतं कोण? गीतावहिनींच्या दिराची चक्की आहे. भाजायला गॅस लागतो का? नाही, कोळशाची शेगडी, नाहीतर परवा भाजणीही बंद पडली असती. पिशव्यांवर नावं कोण लिहितं? प्रसन्न देवांच्या सूनबाई, अक्षर चांगलं आहे. यज्ञेश्वर गुरुजींच्या पत्नी मेतकुटाचा मसाला करतात. आणि ह्यातलं एकही नाव प्रश्नावलीत कसं नाही?

"ह्यांनी विचारलं, घरात कमावणारे कोण," अन्नपूर्णा म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी आपापल्या नवऱ्यांची नावं लिहिली. काकूंनी पेन्शन लिहिली. विचारलं तेवढंच सांगितलं."

"आणि बघायला बसलात तेव्हा, पुराणिक?"

"माझी आमच्या दाराकडे पाठ होती," विश्वेश खालच्या आवाजात म्हणाला.

इंदूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि ठसका लागला म्हणून त्यांना पुन्हा ताक प्यावं लागलं. निघताना मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, "पंधरा दिवसांत कळवते." त्याच संध्याकाळी विश्वेशने गीतावहिनी आणि प्रेमलाकाकूंना समोरासमोर बसवलं, वड्याचा भाव आपण पाडला असं कबूल केलं आणि दोघींच्या शिव्या एकत्र खाल्ल्या. त्याला शिव्या देताना दोघींचं इतकं एकमत झालं की जाताना वहिनी विरजण घेऊन गेल्या.

ते पंधरा दिवस कसे गेले ते विश्वेशलाच ठाऊक. सोळाव्या दिवशी पत्र आलं. फेलोशिप मंजूर होती. विषय बदलला होता, 'घरांत चालणारी, पण मोजली न जाणारी कामं'. आणि अट होती की विश्वेशने स्वतः माहिती गोळा करू नये. त्यासाठी त्याच गल्लीतली, लोकांच्या विश्वासातली एखादी स्त्री नेमावी, तिचं मानधन संस्था देईल.

विश्वेश पत्र नाचवत आपल्या गच्चीवर गेला. अन्नपूर्णा शेगडीपाशी होती. "नागपूर रद्द! आणि ऐक, तुलाच नेमतोय मी. महिन्याला नऊ हजार. रोज चार तास."

अन्नपूर्णेचा चेहरा पहिल्या दोन शब्दांनी फुलला होता. पुढचं ऐकून तिने क्षणभर विचार केला. "नऊ हजारांत नाही परवडत."

"काय?"

"चार तासांत माझी पाच किलो भाजणी होते. ती सोडून मी घरोघर फिरायचं, तर माझंच नुकसान. तुम्ही तर शिकवता हे, कॉलेजात."

विश्वेश शिकवत होता खरा. दरवर्षी, दुसऱ्या आठवड्यात. त्याने कठड्यापर्यंत एक फेरी मारली आणि परत आला. खाली गंगेवरून एक नाव अमृतराव घाटाकडे सरकत होती. "संस्था याहून जास्त देणार नाही. मग कसं करायचं?"

"मी फिरेन. पण माझ्या जागी इथे कोणीतरी पाहिजे," असं म्हणून अन्नपूर्णेने उलथनं त्याच्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि प्रश्नावलीचा गठ्ठा उचलला. "बाजरी आहे. मंद आचेवर. आणि हात चालता ठेवा, एका जागी थांबलात की करपेल."

"किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास. मग ती काढून हरभरे टाका," ती जिन्यातूनच म्हणाली, आणि पहिला प्रश्न कोणाला विचारायचा ते ठरवत गल्लीत उतरली.

विश्वेश कढईपाशी उभा राहिला. उजव्या बाजूने ढवळलं, डाव्या बाजूने ढवळलं, पुन्हा उजव्या. अर्ध्या तासाने खमंग वास सुटला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला बऱ्याच वेळात चहा हवासा वाटलेला नाही.